सिस्टरची तगर

आमच्या गावात प्रत्येकाचे दोन वाढदिवस असतात. एक शाळेचा आणि एक सिस्टरचा.

शाळेचा सगळ्यांचा एकच, एक जून. आमच्या आईबापांनी आम्हाला शाळेत नेऊन उभं केलं, गुरुजींनी विचारलं, "जन्म कधीचा?" आई म्हणाली, "लावणीच्या आधीचा." गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. पुढच्याची आई म्हणाली, "शिमग्याच्या आसपासचा असंल." त्यालाही एक जून. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अलिबाग-रेवस रस्त्याला लागून, पंचायतीच्या समोर. फॉर्म, फोटो, लॅमिनेशन सगळं करते. अख्ख्या गावाची आधार कार्डं माझ्या हाताखालून गेलीत, तेव्हा खात्रीने सांगते, एक जूनला गावाने मिळून केक कापायचा ठरवला तर तो खळ्याएवढा लागेल.

खरा वाढदिवस फक्त सिस्टरना माहीत असतो. सिस्टर म्हणजे इंदुमती म्हात्रे, निवृत्त नर्स. त्यांचं नाव इंदुमती आहे हे मलाच मुळी त्यांच्या पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढताना कळलं. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या सायकलवरून आमच्या आणि आजूबाजूच्या गावांत फिरायच्या. आज पस्तीस ते पन्नास वयाची जी काही जनता इथे हिंडते आहे, ती त्यांच्याच हातात पडलेली आहे. त्या वेळचं रजिस्टर केव्हाच वाळवीने खाल्लं. सिस्टरच्या डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी. कोण कुठल्या तारखेला, किती वाजता, किती वजनाचं, पायाळू की सरळ, आल्या आल्या रडलं की नखरे केले, विचारायचा अवकाश.

आणि त्या तारखेला त्या माणसाला घरपोच कार्ड. विकतचं नाही बरं का. जाड कागदाचं, हाताने केलेलं, वर रंगीत शाईने फूल छापलेलं. आत मजकूर. आमच्या सरपंचांचं कार्ड बघा, पाठ आहे मला:

"चि. नितीन, आज तुला बेचाळीस पूर्ण झाली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. वजन साडेतीन किलो, त्यात निम्मं डोकं. रडायला तीन मिनिटं लावलीस आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलंस. हल्ली ग्रामसभेत रडायचा थांबत नाहीस. पोट कमी कर. अनेक आशीर्वाद. सिस्टर."

सरपंच झाला म्हणून काय झालं. सिस्टरचं ठरलेलं वाक्य आहे, "तुझ्या बापाच्या आधी पाहिलंय तुला मी." हे त्या कोणालाही, कुठेही, कोणाच्याही देखत ऐकवतात. एकदा तालुक्याच्या साहेबांसमोर नितीनला ऐकवलं. साहेबांनी हसू दाबायला पाणी मागितलं.

आता फुलाचं सांगते. बाळ झालं, नाळ कापली, आई ठीक आहे म्हटलं की सिस्टर हात धुवायला मागच्या दारी जायच्या. हात धुताना समोर जे पहिलं फूल दिसेल ते खुडून आणायच्या आणि बाळंतिणीच्या उशाशी ठेवायच्या. ते त्या पोराचं फूल, जन्मभराचं. नितीनची कर्दळ. माझ्या शेजारच्या सईची अबोली. आखातात नोकरीला असलेल्या अस्लमची गुलबक्षी. मी सुरंगी. फेब्रुवारी सरता सरता जन्मले, आणि आमच्या मागच्या दारी सुरंगीचं झाड होतं. आई सांगते, त्या खोलीत आठवडाभर औषधाचा वास आलाच नाही. सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नसतं. आमच्या गावात एक माणूस दुधी भोपळ्याचं फूल आहे. नाव सांगत नाही, हायस्कूलला शिकवतो बिचारा.

निवृत्त झाल्यावर सिस्टर दोन महिने नुसत्या बसून राहिल्या. मग फोनवर त्यांना कुठल्याशा परदेशी बाईचा व्हिडिओ दिसला. ती बाई रबरी ठसे आणि रंगीत शाया घेऊन फुलांची कार्डं करत होती. सिस्टरनी तो तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "हे काय, टाके घालण्यापेक्षा सोपं आहे." दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातले सगळे खोडरबर गायब. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर पोरांना खोडरबर मिळेना.

त्यांची काम करायची तऱ्हा बघण्यासारखी. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये शाया, रबरी बूच लावलेल्या. त्यातून शाई काढायची ती सिरींजने, तीही बोटाने टिचकी मारून हवा घालवून. शाईतली हवा घालवून काय मिळतं हे मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सवय चांगली असावी." ठसे कोरायचे खोडरबरावर किंवा जुन्या स्लिपरच्या तळव्यावर. ठशाच्या पाकळ्यांवर ब्रशने कडेला गडद आणि मध्ये फिका रंग लावायचा. मग ठशावर तोंडाने वाफ सोडायची, हाः करून, म्हणजे शाई ओलसर होते. मग कागदावर दाबून धरायचं. उचललं की ओला ब्रश फिरवून कडा अलगद पसरवायच्या, की पाकळी आत्ता उमलल्यासारखी दिसते. आमच्याकडची हवा खारी आणि दमट, कार्ड वाळता वाळत नाही. म्हणून मग ते तीन तास टेबललॅम्पखाली. त्या दिव्याला त्या वॉर्मर म्हणतात, नुकतं जन्मलेलं बाळ उबेला ठेवतात तो. तेवढ्या वेळात कोणी घरात मोठ्याने बोललं तर, "हळू. आत्ताच आलंय ते."

समुद्राकडच्या बंगल्यातल्या एका मुंबईच्या बाईंना हे कळलं. त्या गाडी घेऊन आल्या, लेकाच्या लग्नाला कार्डं हवी होती, शंभर-दोनशे. सिस्टरनी विचारलं, "मुलगा जन्मला कुठे?" बाई म्हणाल्या, मुंबईत. "मग मी काय लिहू? मी पाहिलाच नाही त्याला." बाई म्हणाल्या, नुसतं फूल चालेल. सिस्टर म्हणाल्या, "कोणाचं फूल?" बाई कार्डांशिवाय परत गेल्या. चहा मात्र पिऊन गेल्या.

आता आमच्याकडची रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. कार्ड आलं की सिस्टरशी भांडायला जायचं. आभार मानायला कोणी जात नाही. सकाळी कार्ड हातात पडतं, माणूस मजकूर वाचतो, लाल होतो आणि तडक त्यांच्या पडवीत. "सिस्टर, ह्ये काय लिवलंय? निम्मं डोकं? माझी बायको वाचते ना." सिस्टर म्हणतात, "तिला काय दिसत नाही का?" मग आवाज चढतात. मग चहा येतो. मग पुन्हा आवाज. सई आणि तिच्या नवऱ्याचा कागदोपत्री जन्म एकाच दिवशीचा, एक जूनचा. पण दोघांची कार्डं शेजारी ठेवली तेव्हा कळलं की सई त्याच्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. पंधरा वर्षांचा सुखाचा संसार, आणि त्या दिवशी दोघंही पडवीत सिस्टरवर तुटून पडले. सिस्टर बशीत चहा ओतत म्हणाल्या, "मी काय करू? तू घाई केलीस, तो आळशी." अस्लम तर आखातातून फोनवर भांडतो. रडला नाही म्हणून याला उलटा धरून फटका मारला होता, हे सिस्टर दरवर्षी लिहितात आणि त्याच्या खोलीतले सगळे वाचतात.

माझं म्हणाल तर माझ्या जिभेला हाड नाही, हे गाव जाणतं. माझं भांडण सर्वांत लांब चालतं. एका वर्षी दुपारचं जेवण तिथेच झालं, मध्ये सुट्टी घेऊन.

तर गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. सिस्टर दुकानात आल्या, पदरात हात गुंडाळून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वैशे, आतला मजकूर यापुढे तू छापून दे. मी सांगते, तू टाइप कर. माझं अक्षर आता जुन्या वळणाचं वाटतं." मी म्हटलं, बरं. त्या घडाघडा सांगायच्या, मी टाइप करायची. तारीख, वेळ, वजन, टोमणा, सगळं चोख. आणि गणपती झाल्यावर नितीनचा वाढदिवस आला.

त्या दिवशी नितीन पडवीत गेला नाही. माझ्या दुकानात आला. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "वैशाली, बघ." वर जास्वंद होती.

आम्ही दोघं त्या जास्वंदीकडे बघत बसलो. शेजारचा मेडिकलवाला प्रशांत आला, त्यानेही बघितली. प्रशांत औषधं विकतो म्हणून गावात अर्धा डॉक्टर धरला जातो आणि उरलेला अर्धा तो स्वतःच धरतो. तो म्हणाला, "विसरायला लागल्या. वयाच्या मानाने होतं असं. आधी फुलं जातात, मग माणसं." हे कुठल्या पुस्तकात आहे कोण जाणे, पण आम्हाला पटलं. तो पुढे म्हणाला, "अशा माणसाला चूक दाखवायची नाही. खचतात."

झालं. गावाने ठरवलं, सिस्टरना कळू द्यायचं नाही.

पण अडचण अशी की सिस्टर कोणाच्याही घरात कधीही शिरतात आणि शोकेसमध्ये कार्ड आहे की नाही ते बघतात. नसलं तर रुसतात, असलं तर जवळ जाऊन न्याहाळतात. नितीनच्या घरात जास्वंद बघून त्यांना एकदम कर्दळ आठवली तर? म्हणून मी शक्कल काढली. नितीनने गेल्या वर्षीचं कार्ड आणलं, मी त्यातल्या कर्दळीची रंगीत झेरॉक्स काढली, कात्रीने कापली आणि या वर्षीच्या जास्वंदीवर डकवली. लांबून काही कळत नव्हतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग काय, रांगच लागली. सईला अबोलीच्या जागी सदाफुली आली. दुधी भोपळ्याला मोगरा आला. तो माणूस दोन दिवस आनंदात होता, मग त्याचं मन खायला लागलं आणि तोही जुनं कार्ड घेऊन आला. म्हणाला, "जे आहे ते आहे, भोपळाच लाव." अस्लमने आखातातून कार्डाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "वैशाली, कसम सांगतो, मला जास्वंद आली. मी आजपर्यंत गुलबक्षीच होतो ना?" मी कळवलं, होतास, शांत रहा, कोणाला बोलू नको.

आणि भांडणं थांबली. कशी करणार? आजारी माणसाशी कोण भांडतं? नितीन पेढे घेऊन पडवीत गेला, खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, तुमचं बरोबर हाय. पोट कमी करतो." सिस्टरनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सईने त्यांना साडी नेऊन दिली. तिचा नवरा म्हणाला, "आळशीच आहे मी." लोक रस्त्यात वाकून विचारायचे, "सिस्टर, जेवलात? सिस्टर, काही आणून देऊ? तुम्ही म्हणाल तसं." मी तर इतकी गोड बोलत होते की माझ्या आईला काळजी वाटायला लागली.

सिस्टर मात्र गप्प व्हायला लागल्या. मजकूर सांगायला यायच्या तेव्हा टोमणे जास्तच तिखट असायचे. एकाला लिहायला सांगितलं, "जन्मलास तेव्हा माकडासारखा दिसत होतास, अजून फारसा बदल नाही." तो माणूस कार्ड वाचून गेला आणि त्यांच्या अंगणातला कचरा झाडून आला. प्रशांतने मान हलवली, म्हणाला, "स्वभावात फरक पडतो, हे पुढचं लक्षण."

डिसेंबरनंतर तर फुलांचा प्रकारच संपला. जो तो तगर. पाच पाकळ्यांची साधी तगर, कोणालाही, कुठल्याही महिन्यात. गावात नाक्यावर एकमेकांना विचारायचे, "तुला पण तगर?" "मला पण." माझ्या कात्रीला उसंत नव्हती.

मग माझा वाढदिवस आला. सकाळी दाराच्या फटीतून कार्ड आत आलं. मजकूर मीच टाइप केलेला, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. मी वर बघितलं. तगर.

इतक्या लोकांच्या तगरी मी हसत झाकल्या, पण माझ्यावर आली तेव्हा काय वाटलं ते सांगते. म्हणजे आता मीही गेले त्यांच्या डोक्यातून. दुकानात जाऊन मी गुपचूप जुनं कार्ड काढलं, सुरंगी मशीनवर ठेवली आणि बटण दाबलं. मशीनमधला पिवळा रंग नेमका संपला होता. बाहेर आली ती जांभळट, आजारी माणसाच्या नखांसारखी सुरंगी. दुसरी काढली, तीही तशीच. तिसरी काढली. ज्यांनी सुरंगी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, त्या फुलाचा पिवळा पराग गेला की उरतं काय?

माझं डोकं फिरलं. कोणावर फिरलं ते माहीत नाही. मशीनवर, प्रशांतवर, माझ्या कात्रीवर. मी दुकानाला कुलूप घातलं, तगरीचं कार्ड उचललं आणि तरातरा सिस्टरच्या पडवीत गेले. त्या एकट्या बसल्या होत्या, पुढ्यात चहा, कप न उचलता तोंड खाली नेऊन पीत होत्या.

मी कार्ड त्यांच्यासमोर आपटलं. "सिस्टर, ही तगर आहे."

"बरं मग?"

"मी तगर नाही. मी सुरंगी आहे. एकोणचाळीस वर्षं सुरंगी आहे. दरवर्षी माझी सुरंगी देता आणि या वर्षी काय झालं? मला माझं फूल पाहिजे."

बोलून गेले आणि जीभ चावली. गावाने पाच महिने पाळलेलं पथ्य मी एका दमात मोडलं होतं. आता या खचणार, मी मनात म्हटलं, आणि याला कारण मी.

सिस्टरनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी घाबरले.

"आत्ता आलीस?" त्या म्हणाल्या. "बस. आधी बस. बरोबर आहे, सुरंगी. दोन किलो सहाशे, दुपारी पावणेदोन, तुझ्या आज्जीने जन्मताच सांगितलं होतं हिचं तोंड सुटणार. आणि नितीन्याची कर्दळ, सईची अबोली, त्या मास्तरचा भोपळा. मला काय विसरायला झालंय?"

"मग?"

त्यांनी पायाने एक पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. त्यात ठसे होते. सगळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. पावसाळ्याने आणि खाऱ्या हवेने रबर आधी चिकट झालं होतं आणि मग कडक होऊन तडकलं होतं. नितीनची कर्दळ मधोमध दुभंगलेली. माझ्या सुरंगीचा चुरा, बोट लावलं की गळणारा. तळाशी एक तगर तेवढी धड होती.

"नवीन कोरायचे ना मग," मी म्हटलं.

सिस्टरनी पदरातून हात बाहेर काढले आणि माझ्यासमोर धरले. दोन्ही हात थरथरत होते, थांबत नव्हते. म्हणून अक्षर जुन्या वळणाचं झालं होतं, म्हणून कप उचलत नव्हत्या. पाच महिने मी त्यांच्यासमोर बसून टाइप करत होते आणि मला दिसलं नाही. आम्ही सगळे त्यांच्या डोक्याची काळजी करत बसलो आणि गेले होते हात.

"होते ते ठसे वापरले, जसजसे तुटले तसे संपले," सिस्टर म्हणाल्या. "पहिलं कार्ड चुकीचं गेलं तेव्हा म्हटलं, येईल नितीन्या बोंब मारत. मग सांगीन त्याला की बाबा, हातांनी दगा दिला. आपणहून सांगायला मला जमत नाही. तर तो पेढे घेऊन आला. मग सईची साडी आली. मी एकेकाला काय वाटेल ते लिहिलं, माकड लिहिलं, तर तो अंगण झाडून गेला. आणि ते झेरॉक्सचं फूल चिकटवलेलं मला कळत नाही होय? नितीन्याच्या कर्दळीला तुझ्या मशीनची रेघ पडलीय." मग म्हणाल्या, "सगळे इतके चांगले वागायला लागलात, वैशे, की मला वाटलं, माझं आता संपलं. माणूस मेल्यावर वागतात तसं वागत होतात माझ्याशी."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली, चांगलं हुंदके देऊन आलं. सिस्टर म्हणाल्या, "जन्मलीस तेव्हाही एवढी रडली नव्हतीस. ऊठ, ब्लेड घे."

त्यांनी शेल्फातला नवा खोडरबर दाखवला. मी ब्लेड धरलं आणि त्या शेजारी बसून सांगायला लागल्या. इथून आत घे. एवढा जोर नको. थांब, श्वास सोड. आता पुढे. अर्ध्या तासाने माझी सुरंगी तयार झाली, ती हुबेहूब फ्लॉवरच्या भाजीसारखी दिसत होती. शाई लावली, वाफ सोडली, कागदावर दाबली. सिस्टरनी लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "जिवंत आहे. दिसण्याचं काय, सुधारेल."

घरी जाऊन मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "सिस्टरचं डोकं ठणठणीत आहे, हात थरथरतात. फुलं ठसे तुटल्यामुळे चुकली, आणि आपण सगळे मूर्ख आहोत. ज्यांना चुकीचं फूल आलं त्यांनी उद्या सकाळी भांडायला यावं. येताना खोडरबर आणि ब्लेड आणावं. पेढे आणणाऱ्याला आत घेणार नाही."

सकाळी पडवी भरली, अंगण भरलं. नितीन सगळ्यांत पुढे, पाच महिन्यांची उधारी असल्यासारखा. "सिस्टर, जास्वंद? मला? आणि ते निम्मं डोकं पयले खोडून काढा." सिस्टर ओरडल्या, "खोडून काढ, तुझ्या हातात खोडरबर आहे ना? मग काप त्याची कर्दळ. आणि ताठ बस, पोट मध्ये येतंय." सईने वयाचा विषय पुन्हा काढला. तिचा नवरा म्हणाला, आळशी म्हटलेलं मी मान्य केलं ते तुमच्या आजारपणामुळे, आता परत घेतो. अस्लम व्हिडिओ कॉलवर होता, ऑफिसचं कटर घेऊन गुलबक्षी कोरत, आणि मागून त्याच्या खोलीतली माणसं विचारत होती की उलटा धरून फटका मारला तो याच बाईंनी का. सिस्टर फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "दाखव कॅमेऱ्यात, पाकळी जाड झालीय. तुझ्या बापाच्या आधी पाहिलंय तुला मी, मला काय फसवतोस." प्रशांत कोपऱ्यात उभा होता. त्याला सिस्टरनी विचारलं, "कुठलं पुस्तक वाचतोस रे तू?" आणि त्यालाही ब्लेड दिलं.

मास्तर एका बाजूला बसून मन लावून भोपळ्याचं फूल कोरत होते. त्यांचं सगळ्यांत सुंदर झालं.

दुपारपर्यंत नवीन ठशांनी डबा भरला. काही फुलं ओळखू येत होती, काहींना चिठ्ठी लावावी लागली. सिस्टरचा आवाज बसला होता. लोक जेवायला पांगले. मी मागे राहून रबराचा चुरा गोळा करत होते. सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या, थरथरते हात मांडीवर उघडेच ठेवून.

"तुम्हाला सगळ्यांना पहिलं मी घेतलं हातात," त्या म्हणाल्या. "घेतलं आणि लगेच दुसऱ्याला दिलं. कामच ते. एकही माझ्याकडे राहिलं नाही." मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात विचारलं, "उद्या कोण येणार आहे भांडायला?"

मी कॅलेंडर आठवलं. "उद्या कोणाचा वाढदिवस नाही, सिस्टर. थेट पुढच्या आठवड्यात आहे."

"मग तू ये," त्या म्हणाल्या. "काहीतरी काढ भांडायला."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी गेले. चहात साखर जास्त झालीय, इथून सुरुवात केली.